पवनारची रपेट आणि आमची भिंगरी

भिंगरी ही आमची तट्टू घोडी, खांद्यापर्यंत ५२ इंचांची. सारंगखेड्याच्या बाजारात घेतली तेव्हा विकणाऱ्याने सांगितलं होतं, हिच्यावर लेकरूही बसेल. ते खोटं नव्हतं. एकटी असली तर खरंच बसतं. पण पुढे दुसरा घोडा पळताना दिसला, की हिला आपण तट्टू आहोत याचा पार विसर पडतो.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही सहा जण निघालो. वर्ध्याजवळच्या येळाकेळीच्या बाजूच्या आमच्या गावातून पांदणीने (शेतातल्या वाटेने) विनोबांच्या आश्रमाचं पवनार, तिथे धाम नदीच्या काठी शिदोरी सोडायची, दिवस बुडायच्या आत परत. जाऊन-येऊन साधारण २० किलोमीटर. चार जण गावचेच आणि दोघं शहरातून आलेले, उंच देखणे घोडे घेऊन. गावातले एक काका त्यांच्या म्हाताऱ्या घोडीवर होते. ही घोडी वीसेक वर्षांपासून वरातीत चालते. कानाशी डीजे वाजला, पायात लड फुटली, तरी तिची शेपटी हलत नाही. तिचं महत्त्व मला दुपारनंतर कळलं.

पहिली चूक माझीच. आधीचे आठ दिवस भिंगरी ठाणावर उभी होती आणि चंदी, म्हणजे दाणा, मात्र रोजच्याएवढीच चालू होती. काम नाही आणि हरभरा भरपूर, मग ती वाफ कुठून तरी निघणारच. तुम्ही जाणार असाल तर दोन दिवस आधीपासून चंदी निम्मी करा, वैरण पोटभर ठेवा. निघण्याआधी लांब दोरावर वीस मिनिटं दोन्ही अंगांनी कावा द्या, म्हणजे गोल फिरवा. मी तो दिला नाही, कारण सगळे खोगीर कसून दारात उभे होते आणि मला लाज वाटली.

समृद्धी महामार्गाखालून जाताना टापांचा आवाज छताला आपटून दुप्पट होतो, वर ट्रक धडधडत असतात. तिथे भिंगरी अडली. काकांनी घोडी पुढे घातली आणि भिंगरी तिच्या शेपटीमागे मुकाट निघाली. घोडा कळपाचं जनावर. पुढचा शांत असला तर मागचा शांत. याची दुसरी बाजू अर्ध्या तासात दिसली.

त्या दिवसांत पांदणीच्या दोन्ही अंगांना तूर उभी असते, घोड्यावर बसलेल्या माणसाच्या कमरेला लागेल एवढी. उजव्या हाताला धुऱ्यावर झटका मशीनची तार होती, जनावरांना विजेचा झटका देणारी, टिक टिक वाजत होती. मी मधोमध कदम चाल (घोड्याचं साधं चालणं) ठेवून होतो. तेवढ्यात मागून शहरातले ते दोघं चौखूर आले. हाक नाही, काही नाही. एकाच्या हातात मोबाईल, व्हिडिओ चालू. माझ्या डाव्या गुडघ्याला घासून पुढे गेले आणि भिंगरी उधळली.

मी तेच केलं जे घाबरलेला माणूस करतो: दोन्ही हातांनी लगाम गच्च ओढला. त्याने घोडा थांबत नाही. त्याला टेकायला आधार मिळतो, तो मान ताणून त्या ओढीवर रेलतो आणि जास्तच जोर करतो. दोन वावरं मागे पडली तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. एक मूठ आयाळीत रोवली, मांड खाली दाबली, आणि दुसऱ्या हाताने ओढ-सोड, ओढ-सोड सुरू केली. वेग थोडा उतरला. पुढे तूर कापलेलं वावर लागलं, तिथे तिला मोठ्या गोलात वळवलं आणि गोल लहान करत आणला. तिसऱ्या फेऱ्याला दुडकी, चौथ्याला ती उभी. आम्हा दोघांचेही पाय लटपटत होते.

एक वादी (लगामाची एका बाजूची पट्टी) ओढून मान गुडघ्याकडे वळवायची युक्ती बऱ्याच जणांना ठाऊक असते. भर वेगात ती एकदम करू नका, घोडा तोल जाऊन पडतो. अरुंद पांदणीत तर वळायला जागाच नसते. ही गोष्ट घरच्या अंगणात, कदम चालीवर शिकवायची. एका हाताने वादी हळू आत घ्या, पाय थांबले आणि मान सैल पडली की त्याच क्षणी सोडा. रोज दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. आता मी भिंगरीकडून रोज करून घेतो. तिने कान टवकारले, पाठ ताठ केली, की उधळण्याच्या आधीच मान वळवायची. उधळल्यावर उपाय फार थोडे उरतात.

पुढे ते दोघं झाडाखाली थांबलेले. एक हसत म्हणाला, "भाऊ, घोडा आवरत नाही तं आनला कायले?" मला उत्तर सुचलं नाही. काका मागून सावकाश आले नि म्हणाले, "तिले काहून बोल लावता बाप्पा? पयाले तुमी, मंग ते बी पयाली."

पवनारला दुपारी पोचलो. आश्रमाच्या घाटावर सुटीच्या दिवशी गर्दी असते, तिकडे घोडे नेऊ नका. वरच्या अंगाला झाडं आहेत, तिथे बांधा, पण मोहरकी (डोक्याला घालायची दोरी) आणि दोराने. लगामाने बांधलेला घोडा बिचकला तर तोंड फाडून घेतो. दोघं-दोघं करून आश्रमात जाऊन या. विनोबा १९३८ पासून इथे राहिले. शेत खणताना निघालेल्या जुन्या मूर्ती इथे आहेत, त्यातलं राम-भरत भेटीचं शिल्प मी दर वेळी बघतो. त्या दिवशी मात्र पाहायला गेलो नाही, भिंगरीजवळच बसून होतो.

पाण्यावर पुन्हा तोच प्रकार. त्या दोघांचे घोडे पिऊन झाले आणि ते निघाले. भिंगरीने अर्ध्या घोटात मान वर केली आणि खिंकाळायला लागली. एक पाय रिकिबीत असताना बाकीचे चालू पडले तर शांत घोडाही फिरतो, हिचं तर विचारू नका. मी खाली उतरलो आणि काकांना म्हणालो, यांना जाऊ द्या.

हेच सकाळी बोलायला हवं होतं. पुढच्या महिन्यात निघालो तेव्हा दारातच ठरवलं: सगळ्यांत अवघड घोड्याला झेपेल तोच सगळ्यांचा वेग. ओलांडायचं तर हाक देऊन आणि चालत. दोन घोड्यांत एका घोड्याची जागा. शेवटचा वर बसेपर्यंत पहिल्याने हलायचं नाही. ज्याला पळवायचं असेल त्याने आधी सांगून, वेगळ्या वाटेने. एकाला हे पटलं नाही, तो आला नाही. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला मागच्यांना इशारा म्हणून लाल चिंधीही बांधली. गावातल्या बायांना वाटलं दृष्ट लागू नये म्हणून आहे.

भिंगरीची जागा आता काकांच्या घोडीच्या मागे. अगदी शेवटी ठेवली तर ती पुढचे दूर जाताना बघून कासावीस होते, सगळ्यांत पुढे ठेवली तर रोह्यांचा (नीलगायींचा) कळप तुरीतून फुटला की पहिली तीच भिडते.

त्या रविवारी परत येताना मी आणि काका दोघंच होतो. घराकडे तोंड झालं की घोडे आपोआप ओढ घेतात, म्हणून मधे मधे उलट वळून चार पावलं मागे जात होतो. दीड तास जास्त लागला. एका ज्वारीच्या वावरात हुरडा भाजत होते, त्यांनी हाक मारली. भिंगरीने माझ्या हातातला अर्धा खाल्ला.