ज्यांच्याकडून हरले, त्यांनाच घडवलं

आमचे पीटीचे सर मैदानाला फेरी मारायला लावायचे आणि छाती भात्यासारखी वरखाली होत असतानाच हातात चेंडू देऊन लगोरी फोडायला सांगायचे. आधी श्वास आवरा, मग हात उचला, हे त्यांचं पालुपद. पुढे शिकायला इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठात गेलो, तर तिथे ब्रिटनचे मॉडर्न पेंटॅथलॉनपटू अगदी हाच सराव करत होते. मॉडर्न पेंटॅथलॉन म्हणजे तेव्हा तलवारबाजी, पोहणं, घोडेस्वारी, नेमबाजी आणि धावणं अशा पाच प्रकारांचा मिळून एक खेळ. धावत यायचं, दहा मीटरवरच्या लक्ष्यावर लेझर पिस्तूल रोखायचं, पाच काळी वर्तुळं हिरवी झाली की पुन्हा पळत सुटायचं. घाईने चाप ओढणारे हमखास मागे पडत.

या संघाची धुरा यान बार्टू यांच्याकडे होती. माणूस मूळचा चेकोस्लोव्हाकियाचा. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्यांनी वैयक्तिक कांस्य मिळवलं. सांघिक सुवर्ण मात्र हुकलं, कारण शेवटच्या धावण्यात ब्रिटनने मुसंडी मारली आणि त्यांच्या संघाला रौप्यावर थांबावं लागलं. पुढे त्याच ब्रिटनच्या खेळाडूंना घडवायला ते बाथला आले. मला या माणसाबद्दल सर्वाधिक आदर वाटतो तो इथे.

२००० साली सिडनीत महिलांची पेंटॅथलॉन पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली. पेशाने डॉक्टर असलेली ब्रिटनची स्टेफनी कुक शेवटच्या धावण्याआधी आठवी होती. तीन हजार मीटरमध्ये एकेकीला गाठत तिने सुवर्ण जिंकलं. केट अ‍ॅलनबीला कांस्य मिळालं. तिथून २०१२ च्या लंडनपर्यंत प्रत्येक ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या महिलांनी या खेळात पदक आणलं. खेळाडू बदलत गेल्या, पदकं येत राहिली. हे प्रशिक्षकाचं श्रेय आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

आपल्याकडे हा खेळ म्हटला की पहिला प्रश्न घोड्याचा यायचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर घोडेस्वारी गेली, तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत आली. धावणं, पोहणं आणि नेमबाजी एवढ्यावर खेळली जाणारी ट्रायथल तर शाळकरी मुलांना सहज जमेल. सुवर्णमहोत्सवानिमित्त आमच्या बॅचने शाळेला लेझर पिस्तुलं आणि लक्ष्यफलक द्यायचं ठरवलं आहे. सरांनी उद्घाटनाला यायचं कबूल केलंय. पहिली फेरी आम्ही मारणार, सर शिट्टी वाजवतील.