तुम्ही विचारलंत म्हणून: डायरी, आणि तिचे खाडे

"तुम्हाला बाई रोज डायरी लिहायला जमतं तरी कसं? आमची तर जानेवारीतच आटपते." भिशीत, लग्नकार्यात, पुण्याहून बडोद्याला येणाऱ्या पाहुण्यांकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो, की एकदाच सविस्तर उत्तर देऊन टाकते. मुळात मी रोज लिहीत नाही. बरीच वर्षं लिहितेय, पण रोज नाही. आणि रोज लिहीत नाही म्हणूनच ते टिकलंय, असं माझं ठाम मत आहे.

तुमची डायरी जानेवारीतच का आटपते, तेही सांगते. कुणीतरी भेट दिलेली ती जाडजूड डायरी असते, दर पानावर तारीख छापलेली. पहिले दहा-बारा दिवस उत्साहात जातात. मग १४ तारखेला उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत. अख्खं बडोदं गच्चीवर, हातात फिरकी आणि पुढ्यात उंधियो. १५ ला वासी उत्तरायण, म्हणजे पुन्हा गच्ची. १६ ला मान धरलेली असते. तीन पानं कोरी राहिली, की ती भरून काढायला माणूस बसतो, दोन ओळींत कंटाळतो, आणि डायरी इस्त्रीवाल्याच्या हिशोबाला लागते.

आपल्या घराघरांत याचं उत्तर भिंतीवर टांगलेलं आहे. कालनिर्णय निघालं १९७३ साली, आणि तेव्हापासून त्याच्या चौकोनांत बायका दूध, गॅस, मोलकरीण सगळं मांडत आल्या आहेत. दूध घेतलं नाही त्या दिवशी खाडा मांडतात. दुसऱ्या दिवशी दुप्पट दूध घेऊन कुणी त्याची भरपाई करत नाही. डायरीचाही खाडा मांडावा आणि पुढे जावं. गेल्या मंगळवारी काय झालं ते आज आठवून लिहायचं नाही, हा माझा एकमेव कडक नियम.

'एकवीस दिवस सलग केलं की सवय लागते' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एकेक साधी सवय लावायला सांगितली होती. तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ निघाला साधारण ६६ दिवस, पण कुणाला १८ पुरले, तर कुणाचा हिशोब २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. त्यांनी प्रत्येकाला आपली सवय रोजच्या ठरलेल्या एखाद्या गोष्टीला जोडायला सांगितली होती. माझी डायरी दुपारच्या चहाला जोडलेली आहे. रात्री झोपताना लिहावं म्हणतात, ते मला पटत नाही. रात्री अंगात त्राण नसतं, आणि कागदावर फक्त गाऱ्हाणी उतरतात.

वही कोणती, हेही विचारता. इथे दिवाळीच्या आधी चोपडापूजनासाठी लाल कापडी बांधणीचे चोपडे बाजारात येतात. त्यातला एक छोटा मी माझ्यासाठी घेते. त्यावर तारखा छापलेल्या नसतात, आणि व्यापाऱ्यांच्या घाऊक मालात मिळतो म्हणून स्वस्त पडतो. फार सुंदर वही घेऊ नका. तिच्यात 'आज पोट बिघडलं' असं लिहायला हात धजत नाही. पेन मात्र बॉलपेन. जेल पेनची शाई बहुधा पाणी लागलं की पसरते, आणि विश्वामित्रीच्या काठच्या गावात हा विचार करावा लागतो.

आता, काय लिहायचं. इथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण त्यांना विचार लिहायचे असतात. माझे विचार मलाही वाचवत नाहीत. मी वस्तू लिहिते, भाव लिहिते, कोण काय बोललं ते लिहिते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदी ३५ फुटांच्या वर गेली, मगरी वस्त्यांत आल्या, हे वर्तमानपत्रांत सगळं आहे. माझ्या चोपडीत त्या दिवशी एवढंच आहे: 'लाइट नाही. पाणी दुसऱ्या पायरीला. वरच्या बेननी थेपले आणि छुंदो पाठवला. मी भाताचं पातेलं वर दिलं. ह्यांनी टॉर्चचे सेल जुनेच आणलेत. खालचे काका स्कूटरला दोरी बांधून बसलेत, जाऊ देत नाहीत.' भीती वाटली, असं त्यात कुठेही नाही. पण ती दोरी वाचली, की पोटात गोळा येतो तो आजही येतो.

भाषेचं तर अजिबात मनावर घेऊ नका. माझी भाची गुजराती माध्यमातली. ती मराठीच लिहिते, पण गुजराती अक्षरांत. वर शिरोरेघ नाही, बाकी आत्याबद्दलची तक्रार अस्सल मराठी.

मन हलकं होतं का, हाही प्रश्न असतोच. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये छापलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. लिहिल्या-लिहिल्या त्यांना उलट वाईटच वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्यातल्या ज्यांनी प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. म्हणजे जड गोष्ट लिहायची तर चार दिवस लिहून मोकळं व्हावं, ती रोज उगाळत बसू नये. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा मी असंच केलं. पाचव्या दिवशीच्या पानावर कोथिंबिरीचा भाव आहे.

आणि कुणी वाचलं तर? सुनेला सांगून ठेवलंय, खुशाल वाच. तिने एकदा वाचलीही. बाहेर येऊन म्हणाली, "आई, खांडवीचं प्रमाण यात तीन ठिकाणी तीन वेगळं आहे, खरं कुठलं?"