स्प्रिंटच्या शेवटच्या दोन दिवसांतलं टेस्टिंग: अ‍ॅजाइलकडे वळतानाचा माझा अनुभव

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. आमच्या टीमनं जुनी पद्धत सोडून थोडं थोडं बनवून दाखवत पुढे जायच्या पद्धतीनं, म्हणजे अ‍ॅजाइलनं काम करायचं ठरवलं तेव्हा सर्वांत जास्त आनंद मला झाला होता. जुन्या पद्धतीत सगळ्यांना झालेला उशीर शेवटी टेस्टिंगच्या वेळेतून वळता व्हायचा. गरजा लिहून घेण्यात महिने जायचे, डिझाइनवर सह्या व्हायला आणखी काही, मग कोडिंग लांबायचं. रिलीजची तारीख मात्र हलायची नाही. उरलेल्या दिवसांत जागून जागून जेवढं तपासता येईल तेवढं तपासायचं, आणि नंतर बग सापडला की पहिला प्रश्न आम्हालाच: 'हे तुमच्या नजरेतून सुटलं कसं?'

एकामागून एक टप्पे असलेली ही पद्धत ज्यांच्या नावावर सांगितली जाते, त्या विन्स्टन रॉइस यांनी 1970 च्या आपल्या निबंधातच लिहून ठेवलंय की टेस्टिंग असं शेवटी ठेवणं धोक्याचं आहे. निबंधातली आकृती सगळीकडे पोचली, इशारा मागेच राहिला. 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या यूटामध्ये 17 जण जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यातलं एक तत्त्व मला फार जवळचं आहे: प्रगती मोजायची ती चालणाऱ्या सॉफ्टवेअरवरून. म्हणजे तपासून झालेल्या, वापरता येणाऱ्या सॉफ्टवेअरवरून. मला वाटलं, आता आपलं काम शेवटी ढकललं जाणार नाही.

प्रत्यक्षात पहिले काही महिने प्रत्येक स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या दोन आठवड्यांच्या फेरीत, तीच जुनी गोष्ट छोट्या आकारात घडत राहिली. पहिल्याच दिवशी सगळे डेव्हलपर एकेक स्टोरी, म्हणजे ग्राहकाच्या गरजेचा एक छोटा तुकडा, उचलायचे. कोणतं काम कुठवर आलं ते दाखवणाऱ्या बोर्डावर 'सुरू' रकाना भरगच्च, 'टेस्टिंग' रिकामा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सगळं एकदम माझ्याकडे. वर्षातून एकदा होणारी ओढाताण आता दर पंधरा दिवसांनी व्हायला लागली. अर्ध्या स्टोरी पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलल्या जायच्या आणि स्प्रिंट संपल्यावर मागे वळून पाहायच्या बैठकीत, म्हणजे रेट्रोमध्ये, 'टेस्टिंग लवकर सुरू व्हायला हवं' ही चिठ्ठी दर वेळी लागायची.

त्यात स्टोरी पॉइंटचं प्रकरण. कामाच्या आकाराचा टीमपुरता अंदाज म्हणून ते ठीक आहेत. पण वरच्या व्यवस्थापनानं सगळ्या टीमच्या व्हेलॉसिटीचा (एका स्प्रिंटमध्ये संपवलेल्या पॉइंटचा) एकच तक्ता केला आणि टीमची तुलना सुरू झाली. तीन पॉइंटचं काम हळूहळू पाचाचं झालं, पाचाचं आठाचं. आलेख चढत गेला, ग्राहकाच्या हातात मात्र तेवढंच पडत होतं. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, रॉन जेफ्रीज, यांनी पुढे लिहिलं की स्टोरी पॉइंट बहुधा आपणच शोधले आणि त्याचा आपल्याला खेद आहे. तो तक्ता पाहिल्यावर त्यांचं म्हणणं मला पुरतं पटलं.

आमच्याकडे खरा फरक पडला तो एका आकड्यामुळे. एका रेट्रोत मी सुचवलं की 'टेस्टिंग' रकान्यात एका वेळी तीनच कामं ठेवायची. रकाना भरला की नवं कोडिंग सुरू करायचं नाही. आधी तिथलं काम पुढे सरकवायचं. प्रस्ताव काही सहज मान्य झाला नाही. आमच्या टीममधले एक ज्येष्ठ डेव्हलपर स्पष्टच म्हणाले, "मी कोड लिहायला आहे. रकाना भरला म्हणून मी हातावर हात ठेवून बसायचं का?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "बसू नका सर, माझ्या शेजारी येऊन बसा."

ते आले. आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसलं की माझा अर्धा दिवस टेस्टिंगमध्ये जातच नव्हता. तो जात होता टेस्ट डेटा तयार करण्यात: खोटे ग्राहक, त्यांच्या ऑर्डरी, वेगवेगळ्या स्थितीतली पेमेंटं, सगळं हातानं. त्यांनी एक स्क्रिप्ट लिहून दिली आणि ते काम काही मिनिटांवर आलं. माझ्याकडे ही तक्रार कधीपासून होती, पण जोवर ती एकट्या टेस्टरची अडचण होती तोवर तिला प्राधान्य मिळत नव्हतं. रकाना अडला तेव्हा ती सगळ्यांची झाली.

यामागे साधं गणित आहे. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की एखादं काम व्यवस्थेत सरासरी किती वेळ अडकतं ते काढायला हातातल्या कामांची सरासरी संख्या कामं संपण्याच्या सरासरी वेगानं भागायची. वेग तोच ठेवून हातातली कामं निम्मी केली, तर प्रत्येक काम निम्म्या वेळात बाहेर पडतं. हे मी फळ्यावर मांडून दाखवलं तेव्हा 'सगळे सतत व्यग्र दिसले पाहिजेत' हा आग्रह जरा सैल झाला.

दुसरी गोष्ट, स्टोरी हातात घेण्याआधीचं बोलणं. आता कोड लिहायच्या आधी प्रॉडक्ट ओनर (कोणतं काम आधी घ्यायचं ते ठरवणारी व्यक्ती), डेव्हलपर आणि टेस्टर एकत्र बसतात. 'ग्राहकाला पत्ता बदलता यावा' एवढीच ओळ असते. मी विचारते, माल निघाल्यावर बदलला तर? एका ऑर्डरचे दोन भाग वेगवेगळ्या दिवशी जाणार असतील तर? पूर्वी हेच प्रश्न मी बग म्हणून नोंदवायचे आणि 'हे तर गरजांमध्ये नव्हतंच' असा वाद रंगायचा. आता त्यांची उत्तरं आधी ठरतात आणि ऑटोमेशनच्या टेस्टही तिथूनच लिहिल्या जातात. स्टँडअप ही रोजची छोटी बैठकही आम्ही बोर्डाच्या उजव्या टोकापासून घेतो: संपायला आलेलं काम आधी, नवं शेवटी.

टीमच्या भिंतीबाहेर मात्र गाडी अजून अडते. बजेट वर्षाच्या सुरुवातीला ठरतं आणि त्यासोबत काय काय बांधायचं त्याची यादीही. प्रॉडक्ट ओनरला प्राधान्यक्रम बदलायचा तर वरून परवानगी हवी. मग दर पंधरा दिवसांनी ग्राहकाचं म्हणणं ऐकून करायचं काय? एका स्प्रिंट रिव्ह्यूत, म्हणजे झालेलं काम दाखवायच्या बैठकीत, आम्ही प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना बोलावलं. वर्षाच्या यादीतला एक मोठा रिपोर्ट त्यांना कच्च्या रूपात दाखवला, तर ते म्हणाले, आम्ही हा उघडणारच नाही, ही माहिती आम्हाला रोज दुसऱ्या स्क्रीनवर मिळते. आमच्या संचालक बाई तिथे होत्या. रिपोर्ट यादीतून गेला आणि दर तिमाहीला यादीचा क्रम बदलायची मुभा मिळाली. न केलेलं काम वाढवणं, म्हणजे अनावश्यक काम टाळणं, ही कला आहे, असं जाहीरनाम्याच्या बारा तत्त्वांत म्हटलंय. ती कला टीमला एकटीनं साधता येत नाही, पैसे मंजूर करणारा माणूस त्या खोलीत असावा लागतो. डिप्लॉयमेंटची, म्हणजे नवं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात आणायची, मंजुरी अजून महिन्यातून एकदाच मिळते. त्यावर आमचा झगडा चालू आहे.

अ‍ॅजाइल संपलं, असं आता बरेच जण म्हणतात. 2023 च्या जानेवारीत कॅपिटल वन या अमेरिकी बँकेनं अ‍ॅजाइलशी संबंधित सुमारे 1,100 पदं रद्द केली, तेव्हापासून स्क्रम मास्टरचं, म्हणजे टीमच्या बैठका आणि अडथळे सांभाळायचं, काम करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना पुढची काळजी लागली आहे. ती काळजी खरी आहे. माझ्या मते निव्वळ मीटिंगा भरवणारी पदं कमी होतील. टीमच्या वाटेतले अडथळे वर जाऊन सोडवणारा माणूस मात्र लागणारच, त्याच्या पदाचं नाव काहीही असो.

मला जास्त विचार करायला लावते ती एआयची साधनं. आमचे डेव्हलपर त्यांच्या मदतीनं आता कोड भराभर तयार करतात, आणि पहिल्या महिन्यांत टेस्टिंगच्या रकान्यात साचायचा तसा ढीग आता कोड रिव्ह्यूच्या (दुसऱ्या कुणीतरी कोड वाचून तपासायच्या) रकान्यात साचू लागलाय. कोड लिहिणं स्वस्त झालं, पण तो समजून घेणं, तपासणं आणि 'हे हवंच होतं का' हे ठरवणं तितकंच महाग आहे. गेल्या रेट्रोत यावर खूप वाद झाला. काहींचं म्हणणं, रिव्ह्यूही यंत्राकडेच द्यावा. मी रिव्ह्यूच्या रकान्यालाही मर्यादा लावायच्या बाजूनं बोलले, आणि या वेळी तेच ज्येष्ठ डेव्हलपर माझ्या बाजूनं होते. पुढच्या स्प्रिंटपासून तिथे एका वेळी दोनच कामं राहतील.