खोके कंपनीचे, आतला माल भलताच

लेसर प्रिंटरमध्ये नवे म्हणून घेतलेले टोनर कार्ट्रिज, म्हणजे छपाईच्या पावडरची डबी, बसवले आणि तिसऱ्याच पानावर डाव्या समासात राखाडी पट्टा उमटला. कार्ट्रिज बाहेर काढून पाहिले, तर ड्रमच्या, म्हणजे पानावर छाप उमटवणाऱ्या रुळाच्या, कडेला काळी पावडर साचलेली होती आणि प्लास्टिकच्या जोडावर ते उचकटल्याचे ओरखडे होते. म्हणजे वापरलेल्या सांगाड्यातच पावडर भरून तो कंपनीच्या नावाच्या खोक्यात घातला होता. रिफिल केलेले किंवा कंपॅटिबल (दुसऱ्या कंपनीने त्याच प्रिंटरसाठी बनवलेले) कार्ट्रिज तसे सांगून विकले, तर माझी काहीच हरकत नाही. फसवणूक आहे ती दुसऱ्याचे नाव लावण्यात.

आता मी सील फोडण्याआधी खोके तिरके करून होलोग्राम पाहतो, कारण अस्सल लेबलातील चित्र कोन बदलताच हलते किंवा रंग पालटते, तर साधी छापील नक्कल नुसतीच चमकते. क्यूआर कोड उत्पादकाच्या स्वतःच्या ॲपमधूनच तपासतो, कारण बनावट कोड बनावट संकेतस्थळाकडेही नेऊ शकतो. पाने कमी निघाली, एवढ्यावरून मात्र कार्ट्रिज नकली ठरत नाही. छायाचित्रे किंवा गडद तक्ते छापले, की अस्सल टोनरही लवकर संपतो. खरेदी मी उत्पादकाच्या यादीतील अधिकृत विक्रेत्याकडेच करतो आणि पहिली काही पाने नीट येईपर्यंत खोके व बिल टाकून देत नाही.