स्नोबोर्डच्या बाइंडिंगमधून पाय सुटतो कसा, याचाही विचार हवा

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत स्नोबोर्डच्या बाइंडिंगवर, म्हणजे बर्फावरून घसरण्याच्या फळीला बूट पक्का धरून ठेवणाऱ्या जोडणीवर, जे काम झाले, त्याचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरला आहे: पाय लवकरात लवकर आणि कमीत कमी कष्टात आत कसा जाईल. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याची काही उत्तरे खरोखर सुंदर आहेत. तरीही मला असे ठामपणे वाटते की पुढची सुधारणा दुसऱ्या टोकापासून सुरू व्हायला हवी. पाय बाहेर कसा निघतो आणि विशेषतः अडचणीच्या वेळी कसा निघतो, हे आधी ठरवावे आणि त्यानुसार बाकीची रचना करावी. बाइंडिंग निवडताना आपण ताठपणा, वजन, रंग, पट्ट्यांची गादी असे सारे पाहतो. पण डोके खाली आणि पाय वर अशा अवस्थेत, जाड हातमोज्याने, एका हाताने ते उघडता येईल का, हे आपण विचारत नाही आणि विकणाराही सांगत नाही.

ज्यांचा या वस्तूशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी तिची रचना थोडक्यात सांगतो. बोर्डवर चार स्क्रूंनी आवळलेली एक गोल डिस्क असते आणि तिच्याखाली बाइंडिंगचा पाया धरलेला असतो. बोर्डवरची छिद्रे बहुधा चार बाय चार किंवा दोन बाय चार सेंटिमीटरच्या अंतराने असतात, त्यामुळे एका कंपनीचे बाइंडिंग दुसऱ्या कंपनीच्या बोर्डवर सहसा बसते. पाया बहुतेक वेळा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो. टाचेमागे पोटरीपर्यंत चढणारी पाठ असते, तिला हायबॅक म्हणतात. टाचेकडच्या कडेवर वळताना पोटरी या पाठीवर रेलते आणि तो जोर बोर्डच्या कडेपर्यंत पोहोचतो. घोट्यावर एक आणि बोटांवर एक असे दोन पट्टे पाऊल धरून ठेवतात, आणि दोन्ही पट्टे दातेरी पट्टी व रॅचेट (ती पट्टी एकाच दिशेने सरकू देणारी पकड) यांच्या जोडीने आवळले जातात.

सुरुवातीला यांतले काहीच नव्हते. शर्मन पॉपेन यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात दोन स्की एकमेकींना जोडून मुलींसाठी जे खेळणे बनवले, त्यावर माणूस मोकळ्या पायांनी उभा राहत असे आणि पुढच्या टोकाला बांधलेली दोरी हातात धरत असे. पडलो की पाय आपोआप मोकळा. जेक बर्टन कार्पेंटर यांनी १९७७ मध्ये व्हर्माँटमध्ये बोर्ड बनवायला घेतले तेव्हा पाय अडकवण्याची साधी सोय आली, आणि १९८० च्या दशकात हायबॅक रुळल्यावर घट्ट दाबलेल्या बर्फावरही टाचेकडची कड धरता येऊ लागली. या प्रत्येक पावलाबरोबर बोर्डवरचा ताबा वाढला आणि पाय अधिकाधिक पक्का बांधला गेला. ताब्याची ती किंमत होती आणि ती देणे योग्यच होते. मात्र सुटण्याची बाजू मागे राहिली ती तेव्हापासूनच.

येथे स्कीशी तुलना अपरिहार्यपणे येते. स्कीचे बाइंडिंग ठरावीक जोरापलीकडे आपोआप सुटते; वापरणाऱ्याचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून तो जोर ठरवून दिला जातो. स्नोबोर्डच्या बाइंडिंगमध्ये अशी व्यवस्था नसते, आणि हा निष्काळजीपणा नाही. स्कीवर दोन पाय दोन वेगळ्या फळ्यांवर असतात आणि प्रत्येक फळी ही गुडघ्याला पिळणारी लांब तरफ असते. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीवर असल्यामुळे ते एकमेकांना पिळापासून बऱ्याच अंशी वाचवतात. म्हणूनच या खेळात गुडघ्यापेक्षा मनगटाच्या दुखापती अधिक ठळकपणे दिसतात. आपोआप सुटणारे बाइंडिंग लावले आणि पडताना एकच पाय सुटला, तर सगळी फळी उरलेल्या पायावर फिरेल आणि गुडघ्याची किंवा घोट्याची अवस्था वाईट होईल. उताराच्या माथ्यावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टवर चढताना आणि उतरताना मागचा पाय मोकळा ठेवावा लागतो, तेव्हा पडल्यास पुढच्या पायाला जो पीळ बसतो, तो याच धोक्याचा छोटा नमुना आहे. त्यामुळे आपोआप सुटण्याच्या मागे लागू नये, असेच माझेही मत आहे. मी मागतो आहे ते वेगळे आहे: माणसाने ठरवल्यावर, हाताने, खात्रीने सुटणे.

याची गरज सर्वांत जास्त भासते ती खोल, भुसभुशीत बर्फात. सदाहरित वृक्षांच्या खालच्या फांद्या पडणारा बर्फ अडवतात, त्यामुळे खोडाभोवती सैल बर्फाची पोकळी तयार होते. वरून ती दिसत नाही. जवळून जाणारा माणूस तिच्यात डोक्यावर पडला, तर बोर्ड बहुधा वर, फांद्यांत किंवा काठाच्या बर्फात अडकून राहते आणि माणूस त्याला उलटा लटकतो. धडपड केली की सैल बर्फ आणखी खाली येतो आणि तोंडाभोवती दाटतो. उत्तर अमेरिकेत स्वयंसेवकांना, मदतीची तयारी ठेवून, अशा पोकळीत उतरवून केलेल्या प्रयोगांत सुमारे ९० टक्के जणांना स्वतःच्या बळावर बाहेर पडता आले नव्हते. यातून वाचण्याचा पहिला उपाय म्हणजे सोबत्याला नजरेआड होऊ न देणे, आणि कितीही चांगले बाइंडिंग त्याची जागा घेऊ शकत नाही. पण सोबती पोहोचेपर्यंतच्या मिनिटांत पाय मोकळा करता येणे आणि न येणे यांत फार मोठे अंतर आहे. हिमस्खलनातही हाच प्रश्न अधिक उग्र रूपात येतो, कारण पायांना बांधलेले बोर्ड वाहत्या बर्फात माणसाला खाली ओढत राहते.

आता रॅचेटकडे जवळून पाहू, कारण दोष तेथे आहे. मोठी तरफ वर-खाली केली की दातेरी पट्टी एकेक दात पुढे सरकते आणि पट्टा आवळला जातो. सोडताना मागची छोटी पाती बोटाने उचलायची, म्हणजे आतला खटका दातांतून बाहेर येतो आणि पट्टी मागे निसटते. सपाट जागी बसून, गुडघे वाकवून, पावलावर ताण नसताना हे काम क्षणाचे आहे. पण उलटे लटकल्यावर शरीराचे वजन पावलाला पट्ट्यांच्या विरुद्ध दिशेने खेचते. सत्तर किलोचा माणूस धरला तर प्रत्येक पायाच्या वाट्याला पस्तीस किलोची ओढ येते, तिचा मोठा भाग घोट्याच्या पट्ट्यावर पडतो, आणि पट्ट्याच्या दोन टोकांत ती विभागली तरी दातेरी पट्टीवर ढोबळ हिशेबाने पंधरा-एक किलोचा ताण उरतो. आधी आवळलेला ताण त्यात निराळा मिळवायचा. खटका आणि दात यांच्यातील घर्षण या ताणाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सुटण्याची गरज जितकी जास्त, तितकी सोडण्याची पाती जड. शिवाय काही रॅचेटमध्ये दातांची धरणारी बाजू किंचित आत कललेली असते, म्हणजे ताणाखाली खटका आणखी खोल बसावा. आवळलेला पट्टा आपोआप सैल होऊ नये यासाठी ही युक्ती उत्तम आहे. मात्र अशा रॅचेटमधून खटका उचलायचा तर आधी पट्टी केसभर पुढे ओढावी लागते, म्हणजेच लटकलेले वजन वर उचलावे लागते. ते दोन बोटांनी होत नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते अवघड गणिताचे नाहीत. दाताची धरणारी बाजू ताणाच्या दिशेला जवळजवळ काटकोनात ठेवली, तर पट्टी पुढे ओढण्याची गरज उरत नाही आणि फक्त घर्षणाशी झगडावे लागते. खटक्याची खीळ अशा ठिकाणी बसवली की दातावरच्या जोराची रेषा तिच्या अगदी जवळून जाते, तर तो जोर खटक्याला बंद बाजूला घट्ट दाबून ठेवत नाही. खटका जागेवर राहतो तो स्प्रिंगमुळे, आणि स्प्रिंगचा जोर तर आपल्या हातात असतो. यात खटका चुकून सुटण्याचा धोका थोडा वाढतो, हे मान्य. तो टाळण्यासाठी पातीवर आडवी येणारी एखादी लहान कडी पुरेशी आहे. तिसरी गोष्ट पातीच्या लांबीची. ती हल्ली इतकी आखूड असते की जाड हातमोज्यातल्या बोटाला तिची कड नीट सापडतही नाही. लांबी दुप्पट केली तर लागणारा जोर निम्मा होतो आणि मोज्यालाही धरायला जागा मिळते. दिसायला ती बोजड वाटेल. वाटू द्यावी.

पण मला सर्वांत जास्त पटलेली कल्पना हायबॅकची आहे. उलट्या अवस्थेत पोट आक्रसून हात घोट्यापर्यंत नेणे फार कठीण. बोटांवरच्या पट्ट्यापर्यंत तर त्याहून कठीण, शिवाय वर बर्फ दाबत असतो. पोटरी मात्र घोट्यापेक्षा वीतभर जवळ आहे आणि हायबॅक तेथपर्यंत आलेलाच असतो. त्याच्या वरच्या कडेला, बाहेरच्या बाजूला, मुठीत मावेल असा एक फासा ठेवावा आणि तेथून हायबॅकच्या आतून एक बारीक पोलादी केबल खाली आणून घोट्याच्या पट्ट्याच्या न उघडणाऱ्या टोकाशी, बिजागरीच्या खिळीला जोडावी. फासा जोराने ओढला की खीळ निघते आणि घोट्याचा पट्टा बाइंडिंगच्या पायापासूनच वेगळा होतो. रॅचेट तसेच बंद राहिले तरी चालते. खीळ ताणाखालीही सहज निघावी म्हणून ती गुळगुळीत, किंचित निमुळती आणि ताणाच्या दिशेला आडवी असावी. घोटा सुटला की बोटांवरच्या एकट्या पट्ट्यातून बूट मागे ओढून काढणे बहुतेकांना शक्य होते. हे सर्व थोडक्या ग्रॅममध्ये बसते आणि रोजच्या वापरात कोठेही आड येत नाही.

बर्फ हा या सगळ्या रचनेतला न बोलावलेला भाग आहे. दिवसाच्या सुरुवातीला बुटाच्या उबेने थोडासा बर्फ वितळतो, पाणी खटक्याच्या पोकळीत शिरते, आणि लिफ्टवरच्या वाऱ्यात ते धातूला चिकटून गोठते. बुटाच्या तळव्याखाली दाबलेला बर्फही असाच एकजीव होऊन कठीण थर बनतो, आणि मग बूट काही मिलिमीटर वर बसल्यामुळे सगळ्या पट्ट्यांचे माप बिघडते. बंद कोपरे असलेली प्रत्येक पोकळी लवकर किंवा उशिरा बर्फाने भरते. म्हणून खटक्याच्या घराला आरपार खिडक्या हव्यात, फिरणाऱ्या भागांमध्ये मोकळी जागा हवी, आणि जेथे शक्य तेथे धातूऐवजी पाणी न शोषणारे, घसरडे प्लास्टिक हवे. नायलॉन पाणी शोषते, हे निवड करताना विसरून चालत नाही.

१९९० च्या दशकातील पाय दाबून बसवायच्या बाइंडिंगची गाडी जेथे अडली, त्यांत हे एक ठिकाण होते: बुटाच्या तळव्यात बर्फ भरला की कुलूप बसत नसे, आणि कुलपात अडकणारा धातूचा तुकडा पेलण्यासाठी तळवा इतका कडक करावा लागे की पायाला बोर्ड जाणवेनासे होई. २०१७ मध्ये बाजारात आलेल्या बर्टन कंपनीच्या ‘स्टेप ऑन’ या बाइंडिंगने टाचेला एक आणि चवड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक असे तीन ठिकाणी बूट धरून यातून चांगली वाट काढली. फ्लो कंपनीने रूढ केलेल्या, मागून पाय घालायच्या प्रकारात हायबॅक मागे झुकतो आणि पट्टे रोज उघडावेच लागत नाहीत. बाहेर पडण्याच्या दृष्टीने पाहिले तर या दोन्ही घराण्यांत एक मोठी चांगली गोष्ट आहे: पाऊल एकाच हालचालीत सुटते, दोन रॅचेट शोधावी लागत नाहीत. अडचण एवढीच की ती एक हालचाल टाचेपाशी करायची असते, म्हणजे हाताला सर्वांत दूर. सोडण्याची तरफ वर पोटरीपाशी आणणे या रचनांमध्ये पट्ट्यांच्या बाइंडिंगपेक्षाही सोपे असावे, कारण केबलला फक्त एकच कुलूप उघडायचे असते.

दोन्ही पाय एका फाशाने सोडावेत, अशी कल्पनाही मनात येते. ती मला अजून पेललेली नाही. दोन बाइंडिंगमधील अंतर साधारण अर्धा मीटर असते, त्या पट्ट्यात बोर्ड सतत वाकते आणि पीळ खाते, त्यामुळे केबल कधी ढिली पडेल तर कधी चुकून ओढली जाईल. चालत्या उतारावर दोन्ही पाय अचानक सुटणे हा तर निराळाच अपघात आहे. दोन फासे, दोन हात किंवा एकाच हाताने एकामागून एक, हीच रचना मला अधिक विश्वासाची वाटते.

चाचणी कशी घ्यावी, हेही रचनाकारांनी उघडपणे ठरवायला हवे. बाइंडिंग पाण्याने भिजवून उणे पंधरा अंशांत रात्रभर ठेवावे, सकाळी बोर्ड छताला उलटे टांगावे, बुटाला चाळीस किलोची ओढ लावावी, आणि जाड हातमोजा घातलेल्या माणसाला डोळे मिटून एका हाताने ते उघडायला सांगावे. किती जोर लागला आणि किती सेकंद गेले, हे दोन आकडे ताठपणाच्या आकड्याशेजारी छापावेत. पकड किती पक्की आहे हे सांगणाऱ्या चाचण्यांइतकेच या चाचणीलाही महत्त्व मिळावे.

तोपर्यंत हातात असलेल्या बाइंडिंगवर थोडे काम करता येते. मी सोडण्याच्या पातीच्या छिद्रातून तीन मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी ओवून तिचा करंगळी मावेल एवढा फास करतो. त्याहून मोठा फास नको, कारण तो झुडपात किंवा लिफ्टच्या खुर्चीत अडकू शकतो. पातीला छिद्र नसेल तर ते पाडू नये, कारण त्या बारीक तुकड्यात छिद्राने कमजोरी येते. अशा वेळी पातीभोवती दोरीचा घट्ट विळखा घालून गाठ खालच्या बाजूला ठेवावी. मग घरी पलंगावर उताणे पडून, बोर्ड पायांना बांधून वर धरावे, हातमोजे घालावेत आणि आधी उजव्या, मग डाव्या हाताने दोन्ही पट्टे सोडून पाहावेत. बोर्ड सोबत्याने धरलेले असावे, नाहीतर सुटताना ते तोंडावर येते. ज्या हाताने जमत नाही, त्या बाजूचे रॅचेट पट्ट्यावर एक छिद्र वर सरकवून घ्यावे.