न झिजलेलं झिंक

वाळूजला माझं आर्गन वेल्डिंगचं दुकान आहे. बाइकची केसिंगं, गिअरबॉक्सचे तुटलेले कान, कंपन्यांची फिक्स्चरं, असलंच काम. पण तरुणपणी मी मुंबईला माझगावकडच्या एका बोटीच्या यार्डात कामाला होतो, हे माहीत असलेले लोक कधीमधी भलत्याच कामाला बोलावतात. असाच एका कंत्राटदार आण्णांचा फोन आला. पैठण रोडला एका शेडमध्ये समुद्रावरून ट्रेलरवर आणलेली जुनी क्रूझर बोट उभी होती. त्या दिवशी टोकन द्यायचं होतं, त्याआधी मी नजर टाकावी असं त्यांचं म्हणणं.

बोट धरणावर सोडायची होती. पैठणचा नाथसागर जलाशय पक्षी अभयारण्य आहे, तिथं असलं काही चालायचं नाही, हे आण्णांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं, म्हणून त्यांनी दुसरं धरण हेरून ठेवलं होतं. परवानगीचं ते बघणार होते.

शेडमध्ये पोचलो तर आण्णा आत गाद्यांवर बसून फ्रिज उघडून बघत होते. सगळे तेच करतात. मी ट्रेलरच्या मागं गेलो.

या बोटींचं इंजिन आत असतं आणि मागच्या भिंतीतून बाहेर एक पाय निघतो, तो आउटड्राइव्ह. व्होल्वो पेंटानं 1959 साली हा प्रकार बाजारात आणला, नंतर बाकीच्यांनी. पायाचं अंग अॅल्युमिनियमचं, शाफ्ट स्टीलचा, पंखाही बऱ्याचदा स्टीलचाच. खाऱ्या पाण्यात हे एकत्र बुडालं की बॅटरी तयार होते आणि अॅल्युमिनियम झिजायला लागतं. ते वाचावं म्हणून पायाला झिंकचे ठोकळे लावतात. झिंक आधी झिजतं, पाय टिकतो.

बोट विकणाऱ्या शेठनं मला ते ठोकळे स्वतःहून दाखवले. "बघा मिस्त्री, अजून नवेच्या नवे. मालकानं बोट वापरलीच नाही."

ठोकळे खरंच गुळगुळीत होते, कडा शाबूत. आणि त्यांच्यावर पायाचाच काळा रंग मारलेला. मी बॅगेतून मल्टीमीटर काढला, रंग खरवडून एक टोक ठोकळ्याला लावलं, दुसरं पायाच्या उघड्या धातूला. जोड नीट असेल तर आकडा शून्याच्या आसपास यायला पाहिजे. इथं मीटर काहीच दाखवेना. बोल्टच्या बुडाखालीही रंग गेला होता. ठोकळा पायाला नुसता लटकलेला होता, विजेच्या हिशेबानं तो तिथं नव्हताच. समुद्रात पडून असलेल्या बोटीचं झिंक झिजलं नसेल, तर दुसरं काहीतरी झिजलंय.

"काय बघायलेत भाऊ?" आण्णा खाली उतरले.

रंग ताजा होता, पण हात फिरवला की जागोजाग फोड लागत होते. एक फोड स्क्रूड्रायव्हरनं उचकटला तर खालून पांढरी भुकटी सांडली. अॅल्युमिनियमला लोखंडासारखा लाल गंज येत नाही, ते असं फुलतं. भुकटी ब्रशनं झाडली, खड्डे उथळ होते. पाणी आत ओढायच्या जाळीजवळ आणि पंख्यामागं जरा खोल. तेवढ्यावर मी बोट नाकारली नसती. खालचा भाग बदलता येतो, भरूनही घेता येतो. तळाचा स्क्रू ढिला करून गिअर ऑइल थोडं काढलं, ते स्वच्छ निघालं. दुधाळ निघालं असतं तर सील फुटून पाणी आत शिरलंय असं समजायचं. शेठचा चेहरा खुलला.

मग मी पाय पूर्ण वर उचलायला लावला आणि टॉर्च घेऊन खाली आडवा झालो. पाय ज्या चौकटीला टांगलेला असतो ते गिंबल हाउसिंग, बोटीच्या मागच्या भिंतीला आतून-बाहेरून बोल्टनं आवळलेलं. बेलो म्हणजे जोडावरची घड्यांची रबरी नळी, तिच्या मागं, जिथं रंगाचा ब्रश पोचत नाही, तिथं खालच्या बाजूला पापुद्रे सुटले होते. टोचा लावला आणि तो बोटाच्या पेराएवढा आत गेला, जोर न लावता. बेलोचं रबरही घडीत तडकलेलं.

आण्णांना झोपवून दाखवलं. पांढऱ्या शर्टानिशी झोपले बिचारे.

"हे बदलायचं तर?"

"आधी इंजिन बाहेर काढायचं. त्याशिवाय हा तुकडा सुटत नाही."

पाय खराब असला तर तो पैशाचा प्रश्न असतो. ही चौकट खराब असली की बोटीला पाण्याच्या पातळीखाली भोक पडायची तयारी असते. शेठ म्हणाले, धरणाचं पाणी गोडं आहे, तिथं काय खाणार? गोड्या पाण्यात हा प्रकार मंदावतो हे खरं, थांबत मात्र नाही. उलट तिथं झिंकवर थर धरून ते निकामी होतं, मॅग्नेशियमचे ठोकळे लावावे लागतात. तेच मॅग्नेशियम समुद्रात बघता बघता संपतं. आणि आधीच भुसभुशीत झालेली ओतीव वस्तू कुठल्याच पाण्यात परत घट्ट होत नाही.

शेठनं किंमत खाली आणली, मग आणखी. आण्णा मोहात पडायले होते, फ्रिज त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना. मी एवढंच म्हणालो, बोट फुकट मिळाली तरी आधी इंजिन काढायचा खर्च धरा, मग बोला. टोकन खिशातच राहिलं.

थोड्या दिवसांनी शेठचा मला फोन. ते भोक आर्गननं भरून मिळेल का, दुसरं गिऱ्हाईक आलंय. मी समजावलं, मीठ मुरलेल्या ओतिवावर आर्क धरला की टाका उकळतो, आत नुसते बुडबुडे राहतात, वरून ग्राइंडर मारला की छान दिसतं आणि पहिल्या धक्क्याला उघडतं. तरी करून द्या म्हणाले, पैसे वाढवून देतो. म्हटलं, देतो करून, पण बिलावर लिहीन, गिंबल हाउसिंग, पाण्याखालचा भाग, भरलेला, गॅरंटी नाही. आणि त्याची एक प्रत गिऱ्हाइकाला.

"बघतो," म्हणाले. मग काही त्यांचा फोन आला नाही.