आखाजीला बहिणीच्या घराला कुलूप होतं

बरेच महिने हे लिहायचं मनात होतं पण बहिणीच्या पोरांच्या सरकारी मदतीचं काम मार्गी लागेपर्यंत थांबलो. गाव, तालुका, संस्था, कोणाचंच नाव लिहीत नाहीये. अशा प्रकरणातल्या मुलांची ओळख उघड करायची नाही हे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मध्येच आहे, आणि तसा कायदा नसता तरी मी भाच्यांची नावं इथे टाकली नसती.

माझी लहान बहीण. नवरा वारला त्याला दोन वर्षं झाली. सासरी वावरात हिच्या नावावर काही नाही, म्हणून तालुक्याच्या गावी पत्र्याच्या एका खोलीत भाड्याने राहते, हंगामात किलोवर कापूस वेचायला जाते, बाकीच्या दिवसात निंदणी नाहीतर केळीच्या बागेत जे काम निघेल ते. पोरगा चौथीत, पोरगी पहिलीत. कोणीतरी बालसंगोपन योजनेचं सांगितलं, आता तिचं पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. दोघांचे ४,५००. एवढ्यात तिचं खोलीभाडं, किराणा आणि पोरांच्या वह्या निघतात, म्हणून मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, रेशनकार्ड सगळं गोळा करून अर्ज दिला.

अर्ज दिला की योजनेचं काम बघणाऱ्या संस्थेचा सोशल वर्कर घरी येतो, परिस्थिती बघतो, सामाजिक तपासणी अहवाल लिहितो, तो बाल कल्याण समितीपुढे जातो आणि समिती आदेश काढते. समितीची माणसं काही प्रत्येकाच्या घरी येऊ शकत नाहीत, तो कागद काय सांगतो त्यावरच त्यांचा सगळा भरवसा. मला हे आधी नीट कळलंच नव्हतं, मला वाटायचं कागदपत्रं पूर्ण असली म्हणजे झालं.

जुलैमध्ये चौकशीला गेली तर तिला तोंडी सांगितलं की तुमचं घर पक्कं आहे, दीर सांभाळतात, गृहभेट झालीये, गरज दिसत नाही. तिथूनच तिचा फोन आला, "भाऊ, मना घर तर कोनी उनंच नही!" माझ्या घरी तर कोणी आलंच नाही, दहा वेळा तेच एक वाक्य.

मी पहिल्यांदा अहवालाची कॉपी मागायला गेलो तर कॉपी मिळत नाही म्हणाले, आणि ते खरंच आहे, असे अहवाल गोपनीय असतात. पण बाल न्याय कायद्याच्याच कलम ९९ मध्ये असंही आहे की समितीला योग्य वाटलं तर ती अहवालाचा सारांश आईवडिलांना सांगू शकते आणि त्यातल्या मुद्द्यांवर पुरावा द्यायची संधी देऊ शकते. हे फार कमी लोकांना माहितीये म्हणून मुद्दाम लिहितोय. बहिणीच्या सहीने अर्ध्या पानाचा अर्ज दिला, समितीने तिला बोलावलं आणि सारांश वाचून दाखवला. दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, दिराचा आधार, गृहभेट ३० एप्रिल २०२५, अर्जदार समक्ष हजर.

३० एप्रिल २०२५ म्हणजे आखाजी, आपली अक्षय्य तृतीया!

खान्देशातल्या माणसाला यापुढे सांगायला नको. आखाजीला लेक माहेरी असते, झोके बांधलेले असतात, घागर भरलेली असते, सालदारांचं साल सुद्धा त्या दिवशी फिरतं. माझी बहीण नवरा गेल्यापासून सणाला आलीच नव्हती, त्या वर्षी आईने हट्ट करून बोलावली, २८ तारखेला पोरांना घेऊन आली आणि ३ मेला परत गेली. तिच्या खोलीला कुलूप होतं. आणि ज्या सणाला ती दोन वर्षांनी जरा हसली तीच तारीख या सोशल वर्करने तिच्याविरुद्ध लिहून ठेवली, याचा मला जो त्रास झाला तो अजून जात नाही.

एसटीची तिकीटं तिच्या पाकिटात सापडली, जातानाचं येतानाचं दोन्ही. बायांना अर्धं तिकीट आहे तरी तारीख छापलेली असतेच. माझ्या मोबाईलमध्ये भाची झोक्यावर असलेले फोटो, त्यावर तारीख आणि वेळ. घरमालकाने एका कागदावर लिहून दिलं की खोली एकच आहे, वर पत्रे आहेत आणि त्या आठवड्यात कुलूप होतं.

तरी बहीण तक्रारीला तयार नव्हती. तिला पैशाची भीती नव्हती, तिला वाटत होतं की या लोकांशी वाकडं घेतलं तर उद्या म्हणतील आईला सांभाळता येत नाही आणि पोरं उचलून बालगृहात टाकतील. दोन रात्री ती झोपली नाही. मी काही वकील नाही, पण जे वाचलं ते तिला समजावलं, की गरिबीमुळे आईकडून पोरं काढून घेत नाहीत, उलट पोरं घरातच राहावी म्हणून तर ही योजना आहे. पटलं की नाही माहीत नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली लिही.

मी चार पानं लिहिली, रागाने. तिने वाचली आणि विचारलं, "हाई मन्हं रडनं कसाले लिखं?" आणि खरंच ते सगळं काढलं. त्या माणसाचा स्वभाव, तो कसा बोलतो, लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात, सगळं गेलं. एक पान उरलं. अहवालात काय लिहिलंय, खरं काय आहे, त्याला पुरावा कोणता, आणि मागणी दोनच, दुसऱ्या कार्यकर्त्याकडून फेरतपासणी करा आणि या गृहभेटीची चौकशी करा. संस्थेच्या अध्यक्षांना एक, जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना एक, समितीला प्रत. समितीच्याच कामाबद्दल गाऱ्हाणं असेल तर ते कलम २७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे नेता येतं, पण आमचं समितीबद्दल काही म्हणणं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी आपल्या कॉपीवर शिक्का आणि आवक नंबर घेतला, एका टेबलावर साहेब नाहीत नंतर या म्हणाले तर तिथेच बाकावर बसून राहिलो पण पोच घेतल्याशिवाय निघालो नाही.

चार दिवसांनी त्या सोशल वर्करचाच फोन. तक्रार मागे घ्या, मी चांगला अहवाल लिहून देतो. मी बहिणीला विचारलं, ती म्हणाली चांगला नको, खरा पाहिजे, आणि तो दुसऱ्या कोणीतरी लिहू दे. त्याच्याकडे केसेस खूप असतील, गाडीला पेट्रोल स्वतःचं टाकावं लागत असेल, मी ते समजू शकतो. मग त्याने लिहायचं ना की भेट झाली नाही. जे घर पाहिलंच नाही त्यावर स्लॅब कसा काय टाकला?

सप्टेंबरमध्ये दुसऱ्या मॅडम आल्या. तासभर बसल्या, पत्रे बघितले, भाच्याला शाळेचं विचारलं, शेजारच्या आजीशी बोलल्या. ऑक्टोबरमध्ये आदेश झाला.

तक्रारीचं उत्तर एका ओळीचं आलं, संबंधितास समज देण्यात आली आहे. बहीण म्हणते आता सोड, आपलं काम झालं. मला सोडवत नाही कारण तिच्या खोलीच्या मागच्या गल्लीत आणखी दोन बाया आहेत, त्यांनाही गरज दिसत नाही म्हणूनच सांगितलंय आणि त्यांच्याकडेही कोणी आल्याचं त्यांना आठवत नाही. त्या दोघींचे सारांश मागायचे अर्ज बहिणीनेच बसून लिहून दिले. आणि मी माहितीच्या अधिकारात दहा रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प लावून एवढंच विचारलंय की ३० एप्रिलला या कार्यकर्त्याने एकूण किती गृहभेटी दाखवल्या, फक्त आकडा द्या, कोणाचं नाव नको. उत्तराला तीस दिवस असतात, आज अठरावा आहे.